ओळख आणि पात्रता : क्रिमियाच्या युद्धातील एक हकीकत

हातात दिवा घेऊन रात्री जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई आपणां सर्व भगिनींना ठाऊक आहेत. शाळेच्या पुस्तकातले ते चित्र कोणी विसरलेले नसेल. मीही इतकी वर्षे त्यांना त्या दिव्यावरूनच ओळखत होते. वाचनालयातून आणून त्यांच्याविषयी थोडे अधिक वाचले, तेव्हा दिव्याइतकीच दुसरी एक गोष्ट मनात भरली. माणसे कामावर ठेवताना आणि विशेषतः ओळखीची माणसे ठेवताना या बाईंनी जो कटाक्ष पाळला, ती ही गोष्ट. त्यापायी त्यांना एक जुनी मैत्रीण गमवावी लागली. मंडळाच्या स्मरणिकेत ही हकीकत सांगावी असे वाटले, कारण हा प्रश्न आपल्याही दारात रोज उभा असतो.

आपण बायका बाजारात वांगी घेताना दहा वेळा उलटीसुलटी करून पाहतो. पण घरी सासूबाईंच्या उशाशी रात्री बसायला बाई ठेवायची असली, किंवा बालवाडीला मदतनीस नेमायची असली, की "आपल्या अमकीच्या ओळखीची आहे" एवढ्यावर आपले समाधान होते. पूर्वी कोठे काम केले, किती दिवस केले, का सोडले, हे विचारायचा संकोच वाटतो. मैत्रिणीला वाईट वाटेल, ही भीती. या संकोचाची किंमत मात्र खाटेवर पडलेला माणूस देतो, तो आपण देत नाही.

आता मूळ हकीकत. १८५३ साली रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध जुंपले आणि १८५४ च्या मार्चमध्ये इंग्लंड व फ्रान्स तुर्कांच्या बाजूने त्यात उतरले. लढाई काळ्या समुद्राच्या काठी क्रिमियात होती, आणि इंग्रजांचे जखमी शिपाई जहाजांतून तुर्कस्तानातल्या स्कुटारी येथे आणले जात. स्कुटारी म्हणजे आजच्या इस्तंबूल शहराचा पलीकडच्या काठावरचा भाग. तेथे एका मोठ्या बराकीचे इस्पितळ केले होते. २० सप्टेंबर १८५४ रोजी आल्माची लढाई झाली, आणि पुढच्या महिन्यात लंडनच्या 'टाइम्स' पत्रात बातम्या येऊ लागल्या की जखमांना बांधायला पट्ट्या नाहीत आणि शुश्रूषा करायला माणूस नाही. फ्रेंचांच्या इस्पितळांत धर्मभगिनी शुश्रूषा करतात, मग आमच्या शिपायांनी काय पाप केले, असा ओरडा इंग्लंडात सुरू झाला.

त्या वेळी युद्धखात्याचे एक मंत्री सिडनी हर्बर्ट हे होते. ते व त्यांची पत्नी एलिझाबेथ हे नाइटिंगेलबाईंचे स्नेही. १८४७-४८ च्या हिवाळ्यात रोम शहरात त्यांची ओळख झाली होती. हर्बर्टसाहेबांनी १५ ऑक्टोबर १८५४ रोजी नाइटिंगेलबाईंना पत्र लिहून परिचारिकांची तुकडी घेऊन जाण्याची विनंती केली. म्हणजे मंत्र्यांनी आपल्या मैत्रिणीलाच काम दिले. कोणी म्हणेल, हा वशिलाच झाला! वरवर पाहता तसे दिसते खरे.

परंतु त्या मैत्रिणीची तयारी काय होती ते पाहावे. सुखवस्तू घरातल्या या मुलीने इस्पितळात काम करायचे म्हटले तेव्हा घरच्यांचा फार विरोध झाला. त्या काळी इंग्लंडात पैशांवर शुश्रूषा करणाऱ्या बाईचे नाव चांगले नव्हते. डिकन्सने १८४३-४४ साली लिहिलेल्या 'मार्टिन चझलविट' या कादंबरीत सेरी गॅम्प नावाची दारू पिणारी, रोग्याकडे दुर्लक्ष करणारी सुईण रंगवली आहे. लोकांच्या डोळ्यांपुढे नर्स म्हटले की तीच येई. अशा काळात नाइटिंगेलबाई १८५१ साली जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या कायझरस्वेर्थ येथे पाद्री फ्लिडनर यांच्या संस्थेत तीन महिने राहून शिकल्या. पुढे १८५३ च्या ऑगस्टपासून लंडनमध्ये हार्ले स्ट्रीटवर आजारी स्त्रियांच्या एका संस्थेचा कारभार त्यांनी अंगावर घेतला. स्वयंपाकघर, कोठी, हिशेब, औषधे, मोलकरणी, सर्व काही त्यांनी मार्गी लावले होते. ही संस्थाही त्यांना हर्बर्टबाईंच्या ओळखीने मिळाली होती. तथापि एका वर्षाचे काम सर्वांच्या नजरेसमोर होते. हर्बर्टसाहेबांनी आपल्या पत्रातही हाच मुद्दा मांडला होता. मदतीला येऊ म्हणणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण इस्पितळ म्हणजे काय याची त्यांना कल्पना नाही. हे काम चालवू शकेल अशी मला एकच व्यक्ती दिसते, असा त्या पत्राचा आशय होता.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हर्बर्टसाहेबांची ओळख त्यांना नाइटिंगेलबाईंपर्यंत घेऊन गेली. पण नेमणूक झाली ती शिक्षणावर आणि केलेल्या कामावर.

मग परिचारिका निवडण्याचे काम सुरू झाले. हर्बर्ट यांच्या लंडनमधल्या घरी नाइटिंगेलबाईंच्या काही मैत्रिणी बसून आलेल्या बायकांना प्रश्न विचारीत. त्यांतच मेरी स्टॅन्ले नावाच्या बाई होत्या. त्या नॉरिचच्या बिशपांची कन्या. त्यांचीही नाइटिंगेलबाईंशी ओळख रोममधलीच. चाळीस बायका न्यायचा विचार होता, पण चांगल्या बायका मिळेनात. अखेर ३८ निवडल्या. त्यांत १० रोमन कॅथॉलिक जोगिणी, ८ अँग्लिकन पंथाच्या एका मठातील भगिनी, ६ सेंट जॉन्स हाऊस या संस्थेच्या आणि १४ निरनिराळ्या इस्पितळांतल्या परिचारिका होत्या. पगारी परिचारिकांना आठवड्याला १२ ते १४ शिलिंग, शिवाय जेवण व गणवेश असे ठरले. प्रत्येकीकडून लेखी करार घेतला गेला की नाइटिंगेलबाईंचा हुकूम शिरसावंद्य मानीन. वागणूक वाईट दिसल्यास ताबडतोब काढले जाईल. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ही मंडळी निघाली आणि ४ नोव्हेंबरला पोचली.

पोचल्यावर लष्करी डॉक्टरांना या बायका नकोच होत्या. नाइटिंगेलबाईंनी धीर धरला. डॉक्टरांनी सांगितल्यावाचून आमच्यापैकी कोणीही रोग्याला हात लावणार नाही, असे त्यांनी ठरवून टाकले. दुसऱ्याच दिवशी इंकरमनची लढाई झाली, जखमींची रीघ लागली, आणि डॉक्टरांनी आपण होऊन मदत मागितली. अशा रीतीने विश्वास एकेक पाऊल मिळत होता. ज्या बायका निभावल्या नाहीत त्यांना परत पाठवण्यातही त्या कचरल्या नाहीत. दारू पिणाऱ्या परत गेल्या. नॉरवूडच्या पाच जोगिणींचा स्वभाव चांगला होता, पण त्यांचे सर्व काम अनाथ मुलांमध्ये झालेले. इस्पितळाचा सराव नव्हता. त्यांनाही डिसेंबरात परत जावे लागले. स्वभाव चांगला असणे आणि काम येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे बाईंना पक्के ठाऊक होते.

आता मुख्य प्रसंग. निघतानाच नाइटिंगेलबाई आणि हर्बर्टसाहेब यांच्यात ठरले होते की मी लेखी मागितल्याशिवाय आणखी परिचारिका पाठवू नयेत. असे असता, डिसेंबरच्या मध्यावर, मेरी स्टॅन्ले ४६ बायकांची दुसरी तुकडी घेऊन दाखल झाल्या! त्यांत ९ प्रतिष्ठित घरच्या स्त्रिया, १५ जोगिणी व २२ पगारी परिचारिका होत्या. मागणी कोणी केली नव्हती. त्यातही ही तुकडी नाइटिंगेलबाईंच्या हाताखाली न देता तेथील मुख्य डॉक्टरांच्या नावाने पाठवली होती.

आपण तेथे असतो तर काय केले असते, याचा मी विचार करून पाहिला. मैत्रीण परमुलखातून समुद्र ओलांडून आलेली. बरोबर चाळीसवर बायका. हेतू चांगला. आपल्या रीतीप्रमाणे आधी पाटरांगोळी झाली असती, आणि नंतर घरात जागा कोठे करायची याची चिंता! नाइटिंगेलबाईंनी मात्र त्यांना कामावर घेण्याचे नाकारले.

त्यांची कारणे अगदी व्यवहारी होती. राहायला जागा नव्हती. पहिल्याच तुकडीला अपुऱ्या खोल्यांत कोंबलेले होते आणि पाणीही मोजून मिळत होते. डॉक्टरांचा विश्वास नुकता कोठे बसू लागला होता. त्यात आणखी अपरिचित बायकांची गर्दी झाली तर सगळेच मोडले असते. कॅथॉलिकांची संख्या वाढली की धर्म बाटवण्याचा गवगवा इंग्लंडात होणार, हेही दिसत होते. शिवाय आलेल्या घरंदाज स्त्रियांपैकी कित्येकींची कल्पना अशी की आपण रोग्यांपाशी बसून धीराचे शब्द सांगायचे. घासणे-पुसणे, मलमपट्टी, घाण उचलणे हे दुसऱ्यांनी करायचे. स्कुटारीला तर तेच हवे होते. आणि सगळ्यांत मोठे कारण म्हणजे जबाबदारी. प्रत्येक बाईच्या कामाचा जाब नाइटिंगेलबाईंना द्यावा लागे. ज्यांना आपण निवडले नाही, पारखले नाही, ज्या आपला हुकूम मानायला बांधलेल्या नाहीत, त्यांच्याबद्दल जाब कसा द्यायचा?

त्यांनी हर्बर्टसाहेबांना अत्यंत कडक पत्र लिहिले. दिलेला शब्द तुम्ही मोडलात, तेव्हा माझा राजीनामा घ्या, इतपत त्यात मजकूर होता. मंत्र्याला, आणि तेही आपल्यावर उपकार केलेल्या मित्राला, असे पत्र लिहायला छाती लागते. हर्बर्टसाहेबांचाही मोठेपणा असा की त्यांनी चूक आपली म्हणून कबूल केली, आणि ही तुकडी परत पाठवायची असल्यास खर्च मी माझ्या पदरचा देईन असे कळवले. शेवटी सगळ्यांना परत पाठवल्यास लोकांत फार बभ्रा होईल हे पाहून नाइटिंगेलबाईंनी तडजोड केली. काहींना ठेवून घेतले, बाकीच्या दुसऱ्या इस्पितळांत गेल्या. मेरी स्टॅन्ले यांनी १८५५ च्या आरंभी कुलाली येथील इस्पितळात कामाला हात घातला. पण ते ओझे त्यांना झेपले नाही आणि वसंतात त्या मायदेशी परतल्या. जुनी मैत्री मात्र तुटली ती तुटलीच.

न्याय सर्वांना सारखा पाहिजे, म्हणून हेही सांगते की दुसऱ्या तुकडीत सगळ्याच अडाणी नव्हत्या. मदर ब्रिजमन यांच्याबरोबर आलेल्या आयर्लंडच्या जोगिणींनी पटकीच्या साथीत शुश्रूषा केलेली होती आणि त्या कामात तरबेज होत्या. न पारखता माणसे आणली की हा दुसरा अन्याय होतो. गुणी बाईसुद्धा बिनकामाच्या बायकांच्या रांगेत उभी राहते आणि तिच्याकडेही लोक संशयाने पाहतात.

याच युद्धातली आणखी एक हकीकत याला जोडून सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून चित्र अर्धे राहील. मेरी सीकोल या १८०५ साली जमैका बेटावरच्या किंग्स्टन गावी जन्मल्या. वडील स्कॉटलंडचे शिपाई, आई तेथील सावळ्या वर्णाची, झाडपाल्याच्या औषधांची माहितगार. आईकडून त्या वैद्यकी शिकल्या. पनामाच्या संयोगभूमीवर १८५१ साली पटकीची साथ आली तेव्हा त्यांनी रोगी वाचवले. १८५३ साली जमैकात पीतज्वर आला तेव्हाही शुश्रूषा केली. त्यांच्याजवळ पनामाकडच्या सोन्याच्या खाणीच्या एका कंपनीतील डॉक्टरांचे प्रशस्तिपत्रही होते. १८५४ च्या शरदात त्या लंडनला आल्या आणि युद्धखात्यात खेटे घातले. हर्बर्टबाईंच्या घरीही जाऊन पुष्कळ वेळ ताटकळत बसल्या. उत्तर मिळाले की माणसे पुरी झाली आहेत. आपल्या वर्णामुळे तर हे दार बंद झाले नाही ना, ही शंका त्यांनी १८५७ साली छापलेल्या आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

पाहा भगिनींनो, केवढी विसंगती! एकीकडे इस्पितळ कधी न पाहिलेल्या घरंदाज बायका केवळ ओळखीवर जहाजात चढल्या, आणि दुसरीकडे पटकीच्या रोग्यांमध्ये वावरलेली, हातात दाखला असलेली बाई दाराशी थांबून माघारी गेली. सीकोलबाई स्वस्थ बसल्या नाहीत. स्वतःच्या खर्चाने क्रिमियात गेल्या आणि १८५५ साली बालाक्लावाजवळ 'ब्रिटिश हॉटेल' काढून शिपायांना अन्न, औषध व माया पुरवली. १८८१ साली त्या वारल्या. वशिल्याने अयोग्य माणूस आत येतो हे आपण नेहमी बोलतो. पण त्याच वशिल्याने योग्य माणूस बाहेर राहतो, हे आपल्या लक्षात येत नाही, कारण तो आपल्याला दिसतच नाही.

युद्ध १८५६ साली संपले. लोकांनी नाइटिंगेलबाईंच्या नावाने निधी जमवला होता. त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या वर्गात १५ विद्यार्थिनी होत्या आणि शिक्षण एक वर्षाचे. प्रत्येकीची महिन्याच्या महिन्याला नोंद ठेवली जाई. वेळ पाळते का, खरे बोलते का, नीटनेटकी आहे का, आणि त्याबरोबर मलमपट्टी, रोग्याला कूस बदलून देणे, वॉर्डाची स्वच्छता हे किती जमते, याचे रकाने आखलेले असत. वर्ष पुरे केल्यावर नाव पटावर चढे. "मला ती चांगली वाटते" या तोंडी शिफारशीच्या जागी रोजच्या कामाची लेखी नोंद आली.

याच नाइटिंगेलबाई पुढे एका गोष्टीला विरोध करीत राहिल्या, हे वाचून मला प्रथम नवल वाटले. १८८७ नंतर इंग्लंडात परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी म्हणून चळवळ उभी राहिली, तेव्हा त्यांनी ती नको म्हटले. त्यांचे म्हणणे असे की परीक्षेच्या कागदावरून बाईचे शील आणि माया कळत नाही. आज नाव पटावर चढले म्हणजे दहा वर्षांनीही ती तितकीच चांगली राहील असे नाही. न्यूझीलंडने १९०१ साली असा कायदा केला. इंग्लंडात तो १९१९ साली झाला, नाइटिंगेलबाईंच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. मला वाटते, कायदा व्हायला हवा होता, कारण अनोळखी रोग्याला दुसरा आधार कोणता? पण त्यांच्या बोलण्यातही तथ्य आहे. कागद पाहिला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे समजणे हा दुसरा आळस.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात परिचारिका, सुइणी आणि आरोग्यसेविका यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला, आणि सबंध देशासाठी नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ साली. त्याच्याही आधी पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या देखरेखीखाली आपल्या बायकांना ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पाठवले होते. त्या काळी विधवा बाईने परक्याच्या अंगाला हात लावणे म्हणजे केवढे धाडस! शिक्षण आणि दाखला हाती असल्यामुळेच त्या बायका कोणाच्या मेहरबानीवाचून ताठ मानेने उभ्या राहू शकल्या. म्हणून दाखला विचारणे म्हणजे अपमान करणे, हा समज आपण सोडून द्यावा. जिने तो कष्टाने मिळवला आहे ती आनंदाने दाखवते.

शिफारस करणाऱ्यावर भार टाकण्याची रीतही आपल्याला नवी नाही. शिवाजीमहाराजांच्या फौजेत नवा माणूस ठेवताना आधीच चाकरीत असलेल्याचा जामीन घेत असत. ओळख चालत होती. पण ओळख सांगणारा त्या माणसाच्या वागणुकीला बांधलेला असे. आपल्या आजच्या शिफारशीत हा जामीन तेवढा गळून गेला आहे. "बाई चांगली आहे हो" म्हणायला आपले काही जात नाही.

मंडळाला आता इतकी वर्षे झाली. आपल्या हातून पुढेही माणसे नेमली जातील, आणि त्यांत मैत्रिणींच्या मुली, भाच्या, शेजारणी असणारच. त्यांना मज्जाव करावा असे माझे म्हणणे नाही. नाइटिंगेलबाईही ओळखीतूनच पुढे आल्या. मात्र ओळखीच्या उमेदवाराला तेच प्रश्न विचारावेत जे अनोळखीला विचारू. दाखला पाहावा, आणि आधी जेथे काम केले तेथे जाऊन चौकशी करावी. जिची नातेवाईक असेल तिने त्या दिवशी निर्णयाला बसू नये. शिफारस तोंडी न घेता सहीनिशी घ्यावी. आणि कोणाच्याच ओळखीची नसलेली एखादी बाई कागद घेऊन दाराशी आली, तर तिला आत बोलावून, बसायला देऊन, तिचे कागद वाचावेत.

यात एखादी मैत्रीण रुसेल. हर्बर्टसाहेब रुसले नाहीत. त्या कडक पत्रानंतरही १८६१ साली त्यांचे देहावसान होईपर्यंत दोघांनी खांद्याला खांदा लावून लष्करी इस्पितळांची सुधारणा केली. मेरी स्टॅन्ले मात्र दुरावल्या. कोणती मैत्रीण कशी निघेल हे आधी सांगता येत नाही. आपल्या हाती एवढेच आहे की ज्या म्हाताऱ्या आजीला किंवा तान्ह्या बाळाला आपण परक्या हातांत सोपवतो, त्याच्याकडे पाहून माणूस निवडावा.